हुकूमशाही एका दिवसात पडली, लोकशाहीला आठ वर्षं का लागली? पोर्तुगालविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुकूमशाहीतून बाहेर पडणाऱ्या देशांचा विषय निघाला आणि त्यात पोर्तुगालचं नाव आलं की वाचकांच्या पत्रांची रीघ लागते. गोव्यातून येणाऱ्या पत्रांचा सूर अर्थातच वेगळा असतो. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे पोचत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोर्तुगालमध्ये नेमकी कोणाची हुकूमशाही होती? किती वर्षं?

२८ मे १९२६ रोजी लष्कराने तिथलं पहिलं प्रजासत्ताक मोडीत काढलं. तेव्हापासून २५ एप्रिल १९७४ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षांना जेमतेम महिनाभर कमी इतका काळ, देश एकाच राजवटीखाली होता. यातली बहुतेक वर्षं आंतोनियु द ऑलिव्हेरा सालाझार यांची. हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९२८ मध्ये अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि १९३३ मध्ये स्वतःला हवी तशी राज्यघटना करून घेतली. या राजवटीने स्वतःला ‘नवं राज्य’ असं नाव दिलं होतं. १९६८ मध्ये पडल्यामुळे डोक्याला मार लागला आणि सालाझार निकामी झाले. त्यांच्या जागी मार्सेलु काएतानु आले.

आधीचं प्रजासत्ताक लोकांनी इतक्या सहज का जाऊ दिलं, हेही लक्षात घ्यायला हवं. १९१० ते १९२६ या १६ वर्षांत तिथे ४५ सरकारं आली आणि गेली. लोकशाही म्हणजे गोंधळ, हे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्कं बसलं होतं आणि सालाझारने ते आयुष्यभर वापरलं.

२. पण सालाझारच्या काळात निवडणुका होत होत्या ना? मग हुकूमशाही कसली?

होत होत्या, अगदी वेळापत्रकानुसार. फक्त कायदेशीर पक्ष एकच होता. विरोधकांना मतदानाआधी महिनाभर थोडं बोलू द्यायचे. कोण बोललं याची नोंद गुप्त पोलीस ठेवायचे आणि निकाल लागला की धरपकड सुरू व्हायची. मतदार यादीत नाव लागणं हीच मुळात मेहेरबानी होती. शिक्षणाची आणि कराची अट असे, बायकांसाठी तर ती आणखी कडक होती.

एकदा मात्र खेळ अंगाशी आला. १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनरल उंबेर्तु देलगादु विरोधात उभे राहिले. निवडून आलात तर सालाझारचं काय कराल, असं विचारल्यावर ‘अर्थातच, काढून टाकेन’ असं त्यांनी भर पत्रकार परिषदेत सांगितलं. गर्दी लोटली. सरकारी आकड्यांतसुद्धा त्यांना सुमारे चौथा हिस्सा मतं मिळाली. मग सालाझारने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद करून टाकली. देलगादु यांचं पुढे काय झालं, ते प्रश्न १० मध्ये.

३. इतकी वर्षं राजवटीला साथ देणारं लष्कर अचानक का बिथरलं?

अचानक नाही बिथरलं. पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, १९६१ मध्ये अंगोलात, १९६३ मध्ये गिनीत (आजचं गिनी-बिसाऊ) आणि १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्धं पेटली. नव्वद लाखांच्या आसपास वस्ती असलेला देश तेरा वर्षं तीन आघाड्यांवर लढत राहिला. सरकारी खर्चाचा फार मोठा वाटा युद्धात जात होता. तरुण पोरं भरती चुकवायला फ्रान्समध्ये पळत होती. एकेक कॅप्टन आफ्रिकेतून परत यायचा तो पुन्हा तिथेच पाठवला जाण्यासाठी.

ठिणगी मात्र अगदीच नोकरशाहीतली होती. अधिकारी कमी पडतात म्हणून १९७३ मध्ये सरकारने हंगामी अधिकाऱ्यांना थोडक्या प्रशिक्षणानंतर कायम करण्याचा हुकूम काढला. लष्करी अकादमीतून रीतसर आलेल्या कॅप्टनांची ज्येष्ठता त्यामुळे घसरणार होती. तक्रार बढतीची होती. तिच्यासाठी बैठका सुरू झाल्या आणि दर बैठकीत बोलणं बढतीवरून युद्धाकडे, युद्धावरून सरकारकडे सरकत गेलं. मोठ्या घडामोडींची सुरुवात नेहमी मोठ्या तत्त्वांपासून होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हुकूम जरूर लक्षात ठेवावा.

४. २५ एप्रिल १९७४ ला नेमकं काय घडलं?

रात्री रेडिओवर आधी ठरवलेली दोन गाणी वाजली. दुसरं वाजलं तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तोच इशारा. आखणी मेजर ओतेलु सारायवा द कार्व्हाल्यु यांची होती. सांतारेंहून कॅप्टन साल्गेरु माया चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरले. घराबाहेर पडू नका, असं बंडवाले रेडिओवरून सतत सांगत होते, आणि लोक ते न ऐकता रस्त्यावर उतरत होते. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईने हातातली कार्नेशनची फुलं सैनिकांना दिली. त्यांनी ती बंदुकीच्या नळ्यांत खोचली आणि क्रांतीला नाव मिळालं.

काएतानु कार्मु बराकीत अडकले होते. सत्ता ‘रस्त्यावर पडू नये’ म्हणून ती एखाद्या जनरलच्याच हाती द्यायची, असा त्यांनी हट्ट धरला. संध्याकाळी त्यांनी जनरल स्पिनोला यांच्यापुढे शरणागती पत्करली. दिवसभरात नागरिकांचे चार बळी गेले. गुप्त पोलिसांनी त्यांच्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या होत्या.

५. सैनिकांनी सरकार उलथवलं म्हणजे लष्करी बंडच. त्याला क्रांती कशाला म्हणायचं?

२५ एप्रिलच्या सकाळी ते बंडच होतं. क्रांती झाली ती पुढच्या महिन्यांत, आणि ती कॅप्टनांच्या आराखड्यात नव्हती. लोकांनी कारखाने, रिकामी घरं, जमिनी ताब्यात घेतल्या. गल्लोगल्ली समित्या झाल्या. १ मे १९७४ ला लिस्बनमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला. ४८ वर्षं तोंड दाबलेला देश एकदम बोलायला लागला.

या बंडाचं आणखी एक वेगळेपण आहे. उठावकर्त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्याच दिवशी एक मुदत लिहिलेली होती: बारा महिन्यांच्या आत घटना समितीची निवडणूक. ‘परिस्थिती निवळल्यावर’ निवडणूक घेऊ, असं म्हणणारे सेनापती जगाने ढीगभर पाहिलेत. इथे मुदत होती. माझ्या मते पोर्तुगालच्या सगळ्या कहाणीची किल्ली त्या एका ओळीत आहे. ती कशी कामी आली, ते प्रश्न ७ मध्ये.

६. हुकूमशहा गेला, मग लगेच लोकशाही का आली नाही?

कारण हुकूमशहा नको यावर एकमत होतं, पुढे काय हवं यावर अजिबात नव्हतं. २५ एप्रिल १९७४ ते जुलै १९७६ या काळात सहा हंगामी सरकारं झाली.

राष्ट्राध्यक्ष झालेल्या स्पिनोला यांना वसाहती पोर्तुगालशी जोडलेल्या राहाव्यात असं वाटत होतं, कॅप्टनांना तिथून सुटका हवी होती. सप्टेंबर १९७४ मध्ये स्पिनोला यांनी आपल्या समर्थकांचा मोर्चा काढायचा घाट घातला, तो उधळला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. ११ मार्च १९७५ ला त्यांच्याच बाजूच्या लोकांचा उठाव फसला, ते स्पेनला पळाले. ती संधी साधून लष्करातल्या डाव्यांनी ‘क्रांती मंडळ’ स्थापन केलं आणि बँका, विमा कंपन्या सरकारजमा केल्या.

मग आला १९७५ चा उन्हाळा. पोर्तुगीज लोक त्याला आजही ‘तापलेला उन्हाळा’ म्हणतात. दक्षिणेत शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी घेतल्या, उत्तरेत जमावांनी कम्युनिस्ट पक्षाची कार्यालयं जाळली. समाजवाद्यांकडे झुकलेलं ‘रेपुब्लिका’ हे दैनिक छापखान्यातल्या कामगारांनीच ताब्यात घेतलं, त्यावरून समाजवादी पक्ष सरकारबाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये बांधकाम कामगारांनी घटना समितीच्या इमारतीला वेढा घातला आणि लोकप्रतिनिधी दीड दिवस आत अडकले. त्याच महिन्यात चक्क सरकारनेच संप केला: लष्कर सुरक्षेची हमी देत नाही तोवर काम बंद! मंत्रिमंडळ संपावर गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

७. १९७५ च्या निवडणुकीला इतकं महत्त्व का देतात? ती तर फक्त घटना लिहिण्यासाठी होती.

२५ एप्रिल १९७५, क्रांतीच्या पहिल्या वाढदिवशी, ठरलेल्या मुदतीच्या अगदी काठावर मतदान झालं. यादीत ६२ लाखांवर नावं होती. अठरा वर्षांवरील सगळे, शिकलेले-न शिकलेले, स्त्री-पुरुष. त्यातल्या जवळजवळ ९२ टक्क्यांनी मत दिलं. लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाला लिहिता-वाचता येत नव्हतं, असा हा देश.

आधी डाव्या अधिकाऱ्यांना लोकांच्या मताची धास्तीच होती. ज्यांना निर्णय करता येत नाही त्यांनी कोरी मतपत्रिका टाकावी, असा प्रचार लष्करातल्या काहींनी केला. हेतू उघड होता. कोऱ्या मतांचा ढीग पडला असता तर ‘जनता अजून तयार नाही, तोवर आम्हीच बघतो’ असं म्हणायला मोकळे. कोऱ्या आणि बाद मतपत्रिका मिळून निघाल्या ७ टक्क्यांच्या आसपास.

आणि निकाल? मारियु सुआरिश यांच्या समाजवादी पक्षाला जवळपास ३८ टक्के, मध्यममार्गी लोकशाही जनपक्षाला २६, कम्युनिस्टांना साडेबारा, उजवीकडच्या ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांना साडेसात. रस्त्यावर, कामगार संघटनांत आणि वृत्तपत्रांत कम्युनिस्टांचा आवाज इतका मोठा होता की हा आकडा ऐकून सगळेच चमकले. त्या दिवसापासून देशात दोन अधिकार एकमेकांसमोर उभे राहिले. एक म्हणत होता, ‘क्रांती आम्ही केली.’ दुसरा म्हणत होता, ‘आम्हाला लोकांनी निवडून दिलंय.’ तापलेल्या उन्हाळ्याचा सगळा झगडा या दोन वाक्यांमधला होता. मतदान एक वर्ष पुढे ढकललं गेलं असतं, तर दुसरं वाक्य म्हणायला कोणी उरलंच नसतं.

८. कम्युनिस्ट खरंच देश बळकावणार होते का? २५ नोव्हेंबरला काय झालं?

पहिल्या भागाचं उत्तर तिथले इतिहासकारही एकमुखाने देत नाहीत. पक्षाचे नेते आल्वारु कुन्याल यांना पश्चिम युरोपच्या धर्तीची संसदीय लोकशाही नको होती, हे त्यांनी लपवलं नाही. पण सत्ता हिसकावून घ्यायची त्यांची प्रत्यक्ष तयारी होती का, की लष्करातल्या अतिडाव्यांमागे त्यांची फरफट झाली, यावर वाद आहे.

घडलं ते असं. २५ नोव्हेंबर १९७५ ला छत्रीधारी सैनिकांनी काही हवाई तळ ताब्यात घेतले. नेमस्त अधिकारी याची वाट पाहतच होते. लेफ्टनंट कर्नल रामाल्यु एआनिश यांच्या नेतृत्वाखाली कमांडोंनी दोनेक दिवसांत बंड मोडलं. कम्युनिस्टांनी आपले कामगार रस्त्यावर उतरवले नाहीत.

त्यानंतरची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. विजयी गटातल्या अनेकांना कम्युनिस्ट पक्षावर बंदी हवी होती. दुसऱ्या दिवशी मेजर मेलु आंतुनिश यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलं की पुढच्या उभारणीत कम्युनिस्टांचा सहभाग अपरिहार्य आहे. बंदी आली नाही. हरलेला पक्ष घटना समितीत बसून राहिला, २ एप्रिल १९७६ ला राज्यघटनेच्या बाजूने मत देऊन बाहेर पडला आणि पुढची निवडणूक लढला.

९. मग लष्कर बराकीत परत कधी गेलं?

१९८२ मध्ये. शीर्षकातली आठ वर्षं ती हीच. १९७६ च्या घटनेत निवडलेली संसद होती, थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष होता, आणि त्यांच्या जोडीला अधिकाऱ्यांचं क्रांती मंडळही होतं. संसदेने केलेला कायदा घटनेत बसतो की नाही हे ठरवणं या मंडळाच्या हातात, लष्कराविषयीचे कायदेही त्याच्याच हातात. निवडणुकीआधीच पक्षांनी लष्कराशी तसा लेखी करार केला होता. सही न करणाऱ्याला निवडणूक दिसली नसती, हे सगळे जाणून होते.

पहिले राष्ट्राध्यक्षही सेनापतीच निघाले: एआनिश, जून १९७६ मध्ये ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी. त्यांनी मात्र पद वापरून लष्कराला शिस्तीत आणलं. १९८२ च्या घटनादुरुस्तीने क्रांती मंडळ बरखास्त झालं, त्याच्या जागी घटना न्यायालय आलं आणि लष्कर सरकारच्या हुकमाखाली गेलं. दोन तृतीयांश मतांसाठी समाजवादी आणि उजवे पक्ष एकत्र आले होते. साठ वर्षांनंतरचा पहिला बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष म्हणून १९८६ मध्ये सुआरिश निवडून आले.

१०. गुप्त पोलिसांना शिक्षा झाल्या का?

थोड्या, आणि हलक्या. ‘पीडे’ हे त्या यंत्रणेचं नाव, १९६९ मध्ये बदललं तरी लोकांच्या तोंडी तेच राहिलं. क्रांतीनंतर शेकडो पोलिसांना पकडलं. १९७५ मध्ये त्यांच्यासाठी पूर्वलक्षी कायदा झाला, म्हणजे नोकरी करताना जे कायदेशीर होतं त्याला नंतर गुन्हा ठरवलं. कायद्याच्या राज्याची सुरुवातच अशी करावी का, हा पेच खरा होता. जून १९७५ मध्ये ८९ जण आल्कुएंत्रीच्या तुरुंगातून पसार झाले. खटले चालेपर्यंत हवा बदलली होती. बहुतेकांची शिक्षा कोठडीत काढलेल्या दिवसांतच भागली.

गोव्यातल्या जुन्या पिढीला या यंत्रणेतलं एक नाव सांगावं लागत नाही: एजंट मोंतेरु. गोव्यात जन्मलेला हा कासिमिरु मोंतेरु स्वातंत्र्यसैनिकांना मारझोड करण्यासाठी कुप्रसिद्ध होता. १९६५ मध्ये स्पेनच्या सरहद्दीजवळ जनरल देलगादु यांचा खून झाला, तो त्याच्याच हातून. पोर्तुगीज न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, पण गैरहजेरीत. तो तुरुंगात न जाता दक्षिण आफ्रिकेत मेला.

११. जुन्या राजवटीतले बाकीचे अधिकारी, प्राध्यापक, बँकवाले?

त्यांची ‘साफसफाई’ झाली, शब्दही तिकडे असाच वापरत. हजारोंना नोकरीवरून काढलं. कुठे रीतसर चौकशी, कुठे कर्मचाऱ्यांच्या सभेत हात वर करून निकाल. यात खरे छळकर्ते होते, आणि नुसता खडूस म्हणून नकोसा झालेला साहेबही होता. १९७६ नंतर प्रकरणं पुन्हा तपासली आणि बरेच जण परत आले. प्रशासनाला माणसं हवी होती, आणि काढण्याची पद्धत इतकी ढिली होती की ती अपिलात टिकलीच नसती.

१२. आफ्रिकेतून परतलेल्या लोकांचं काय झालं?

१९७४-७५ मध्ये वसाहती स्वतंत्र झाल्या आणि पाच लाखांहून अधिक माणसं पोर्तुगालमध्ये येऊन धडकली. यात गोव्याहून मोझांबिकला गेलेली कुटुंबंही होती. अनेकांच्या हातात एक पेटी, खिशात निरुपयोगी चलन. सरकारने त्यांना हॉटेलांत ठेवलं. स्थानिकांचे टोमणे होते ते वेगळेच.

सर्वस्व गमावलेला, चिडलेला एवढा मोठा गट कुठल्याही नव्या लोकशाहीला जड जातो. पोर्तुगालमध्ये तो सूडाच्या राजकारणाचा कणा बनला नाही. भाषा, धर्म आणि नागरिकत्व एकच होतं, बहुतेकांची गावाकडे नाती होती, पुष्कळांकडे कसब होतं. शिवाय त्यांना मत होतं, त्यामुळे पक्षांना त्यांची दखल घ्यावीच लागली.

१३. ताब्यात घेतलेल्या जमिनी आणि सरकारी झालेल्या बँका पुढे तशाच राहिल्या का?

नाही. दक्षिणेतल्या आलेंतेजु भागात दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन शेतमजुरांच्या सामूहिक शेतीखाली आली होती. १९७७ च्या कायद्यापासून ती हळूहळू मालकांकडे परत गेली. बँकांचं राष्ट्रीयीकरण ‘मागे घेता येणार नाही’ असं घटनेतच लिहिलेलं होतं, ते कलम १९८९ मध्ये काढलं आणि मग खासगीकरण सुरू झालं. मधल्या काळात देशाला दोनदा नाणेनिधीच्या दारात जावं लागलं.

१४. अमेरिका, जर्मनी वगैरेंनी पडद्यामागून सूत्रं हलवली असं ऐकतो. खरं किती?

बरंच खरं, पण सूत्रं दोन्हीकडून हलत होती. कम्युनिस्टांना मॉस्कोचा आधार होता. समाजवादी पक्षाची तर स्थापनाच एप्रिल १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीत झाली होती आणि जर्मन सोशल डेमोक्रॅट त्याला पैसा, प्रशिक्षण पुरवत होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर पोर्तुगाल हातचा गेला असं धरून चालले होते. सुआरिश यांना त्यांनी तोंडावर ‘तुम्ही पोर्तुगालचे केरेन्स्की ठरणार’ असं सुनावलं. केरेन्स्की म्हणजे १९१७ मध्ये बोल्शेविकांनी उलथवलेले रशियाचे पंतप्रधान. लिस्बनमधले अमेरिकन राजदूत फ्रँक कार्लुची यांचं मत उलट होतं, आणि अखेर त्यांचंच ऐकलं गेलं. १९७७ मध्ये पोर्तुगालने युरोपीय समुदायात येण्यासाठी अर्ज केला आणि १ जानेवारी १९८६ ला प्रवेश मिळाला. लोकशाही नसेल तर दार बंद, ही अट सगळ्यांना ठाऊक होती.

१५. एवढ्या महत्त्वाच्या राज्यघटनेवर सार्वमत का घेतलं नाही?

घटना समितीच थेट लोकांनी निवडलेली होती म्हणून. शिवाय सार्वमताची आठवण वाईट होती. १९३३ मध्ये सालाझारने आपल्या घटनेवर सार्वमत घेतलं तेव्हा मतदानाला न आलेल्यांचंही मत ‘हो’ असं धरलं गेलं होतं.

१६. क्रांतीचा आणि गोव्याचा थेट संबंध आहे का? गोवा तर १९६१ मध्येच मुक्त झाला.

जमिनीवर झाला, पोर्तुगालच्या कागदावर नाही. सालाझारने गोव्याचं विलीनीकरण कधीच मान्य केलं नाही. ‘शेवटच्या माणसापर्यंत लढा’ हा त्यांचा हुकूम न पाळता शरण आलेले गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना लष्करातून काढून टाकलं. क्रांतीनंतर त्यांना हुद्दा परत मिळाला.

नव्या सरकारने पहिल्याच वर्षी हा तिढा सोडवला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं आणि १९५५ पासून तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. सह्या कोणाच्या? पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांची आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. महाराष्ट्रात हे फारसं कोणाला माहीत नसतं.

१७. मोहन रानडे त्याच राजवटीच्या तुरुंगात होते का?

हो. गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या सांगलीच्या रानड्यांना १९५५ मध्ये गोव्यात पकडलं, २६ वर्षांची शिक्षा सुनावली आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडके आणि इतरांनी त्यांच्या सुटकेसाठी जंग जंग पछाडलं, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. क्रांतीनंतर दोनच दिवसांत ज्या तुरुंगांतून राजकीय कैदी बाहेर पडले त्यांत हाच काशियाश होता.

१८. करार झाला, तर गोव्यातल्या लोकांना आजही पोर्तुगीज पासपोर्ट कसा मिळतो?

करार जमिनीचा होता, नागरिकत्व वेगळं. १९७५ मध्ये पोर्तुगालने आफ्रिकेतल्या वसाहतींत जन्मलेल्या बहुतेकांचं नागरिकत्व काढून घेतलं, पण जुन्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना इच्छा असल्यास ते राखता येईल अशी तरतूद ठेवली. मुलं-नातवंडं त्याच आधारे अर्ज करतात. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे भारतीय नागरिकत्व मात्र जातं.

१९. हेच इजिप्तमध्ये का जमलं नाही? तिथेही लोक रस्त्यावर आले होते, लष्कर त्यांच्या बाजूने होतं.

२०११ मध्ये इजिप्तचं लष्कर हुकूमशहा मुबारकांना सोडून गेलं, स्वतः फुटलं नाही. सेनापती तेच राहिले, त्यांचे उद्योगधंदेही तसेच. २०१२ मध्ये निवडलेली संसद न्यायालयाच्या निकालाने बरखास्त झाली आणि ३ जुलै २०१३ ला लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. पोर्तुगालचं लष्कर वरपासून खालपर्यंत दुभंगलेलं होतं. कुठल्याही एका गटाला सगळं पचवता येईना, म्हणून पक्षांना श्वास घ्यायला जागा मिळाली. दुसरा फरक हरणाऱ्याचा. लिस्बनमध्ये हरलेले संसदेत बसले, कैरोत तुरुंगात गेले. अर्थात इजिप्तला युरोपीय समुदायासारखं दार समोर नव्हतं, हेही खरं.

२०. आता तिकडे उजव्या टोकाचा पक्ष वाढतोय, सालाझारचं कौतुकही होतं. म्हणजे पन्नास वर्षांनी सगळं फसलं?

२००७ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेक्षकांनी ‘सर्वांत थोर पोर्तुगीज’ म्हणून सालाझारला निवडलं, ४१ टक्के मतांनी. दुसरा क्रमांक कुन्याल यांचा, हे सांगितलं की त्या कौलाचा ताण थोडा हलका होतो. फोन करणाऱ्यांचा कौल तो, त्याला निवडणुकीचं वजन देऊ नये. तुम्ही म्हणता त्या उजव्या टोकाच्या पक्षाचं, शेगाचं, वजन मात्र खरं आहे: मे २०२५ मध्ये २३० पैकी ६० जागा आणि संसदेत दुसरा क्रमांक. फॅसिस्ट विचारसरणीच्या संघटनांना घटनेत बंदी आहे, पण शेगा स्वतःला तसं म्हणवत नाही. घरांच्या चढ्या किमती, तुटपुंजे पगार, पुढाऱ्यांचे भ्रष्टाचार आणि स्थलांतरितांविरुद्धचा राग यांवर तो पक्ष पोसला आहे.

फसलं म्हणायला मी तयार नाही. ज्यांच्या वडिलांना सालाझारच्या पोलिसांनी तुरुंगात टाकलं, ते मडगावशी नातं सांगणारे आंतोनियु कॉश्ता २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते. ते गेले, विरोधक आले, लष्कराकडे कोणी पाहिलंही नाही.

२१. २५ नोव्हेंबर साजरा करावा की नाही यावरून तिथे भांडण का आहे?

कारण प्रश्न ८ मधला वाद संपलेलाच नाही. उजव्यांच्या मते खरी लोकशाही २५ नोव्हेंबरला आली, एप्रिलने फक्त दार उघडलं. डाव्यांच्या मते एप्रिलचं तेज झाकायला नोव्हेंबर पुढे केला जातो. २०२४ मध्ये, एप्रिल क्रांतीला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी, संसदेने पहिल्यांदा २५ नोव्हेंबरसाठी खास बैठक भरवली. कम्युनिस्ट खासदार आले नाहीत. सुट्टी अजून एप्रिलचीच मिळते.